गाडीचा ऑईल पंप : लाल दिवा लागला की आधी चावी बंद



गटाच्या कर्जातून घेतलेली गाडी आता नवलाची राहिली नाही. कुणाची पिकअप काटोल-नरखेडकडून संत्रा घेऊन कळमन्याला जाते, कुणाचा छोटा हत्ती भाजी नेतो, कुठे गावातून तालुक्याला सवारी चालते. केंद्र सरकारने २०१७ साली ‘आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना’ आणली, तीही याच विचाराने की गावातल्या रस्त्यावर गाडी धावावी आणि ती बचत गटातल्या बाईच्या हातात असावी. गाडीचं कर्ज, हप्ता, विमा, परमिट यावर आपण बैठकीत तासन्‌तास बोलतो. पण बॉनेटच्या आत काय चाललंय, हे सगळं ड्रायव्हर आणि मिस्त्रीवर सोडून मोकळ्या होतो. इंजिन बसलं तर हप्ता मात्र बसत नाही, तो दर महिन्याला उभाच.

म्हणून या वेळी ऑईल पंपाची गोष्ट. हा पंप तुम्हाला स्वतःच्या हाताने बदलायचा नाही. पण तो का बदलावा लागतो, कधी बदलायची गरजच नसते, आणि मिस्त्रीने गाडी उघडली की उभं राहून काय पाहायचं, हे गाडीच्या मालकिणीला कळलंच पाहिजे.

सुरुवात दिव्यापासून करू. स्टेअरिंगच्या मागे, काट्यांच्या शेजारी एक लाल चित्र असतं. शिलाई मशीनला तेल घालायची कुपी असते ना, तिच्यासारखं, तोंडाशी एक थेंब. चावी फिरवली की हा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झालं की दोन-तीन सेकंदांत विझतो. असंच व्हायला हवं. चावी फिरवूनही तो लागतच नसेल, तर ‘बरं झालं, लागत नाही’ असं समजू नका. बल्ब गेला असेल किंवा वायर तुटली असेल, आणि मग खरं संकट आलं तरी तो सांगणार नाही. उद्या सकाळी गाडी निघताना ड्रायव्हरच्या शेजारी बसून एकदा बघा.

चालत्या गाडीत हा दिवा लागला तर काय करायचं? गाडी बाजूला घ्यायची आणि चावी बंद करायची. पुढच्या ढाब्यापर्यंत नाही, पुढच्या गावापर्यंत नाही. बऱ्याच गाड्यांत ऑईलचा दाब पाच-सात पौंडांच्या खाली उतरला की मगच हा दिवा लागतो. म्हणजे ही आगाऊ सूचना नव्हे, शेवटची हाक आहे. डिझेलचा दिवा लागला तर माणूस आणखी तीस-चाळीस किलोमीटर जातो, तसा हिशेब इथे चालत नाही. इथे हिशेब मिनिटांचा आहे.

का, ते समजून घेऊ. इंजिनाच्या मधोमध क्रँक नावाचा जाड लोखंडी दांडा फिरतो. गाडी रस्त्याला लागली की तो मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेतो, म्हणजे एका सेकंदात साधारण तेहेतीस ते पन्नास. तो ज्या बेरिंगात फिरतो, त्या बेरिंगात आणि दांड्यात फट किती? केसाएवढी. त्या फटीत ऑईलचा पातळ थर असतो आणि दांडा त्या थरावर तरंगतो. लोखंडाला लोखंड लागतच नाही. आपल्या आजोबांच्या काळी बैलगाडीच्या आसाला वंगण घालायचे. ते विसरलं तर चाक कुरकुरायचं, चार कोस तरी तसंच जायचं. इंजिन चार कोस जात नाही. थर तुटला की धातूवर धातू घासतो, तापतो, बेरिंगचा मऊ पत्रा वितळून दांड्याला चिकटतो आणि इंजिन जाम. मिस्त्री म्हणतो, ‘ताई, इंजिन सीझ झालं.’

आता हे ऑईल फटीफटीत पोचवतो कोण, तर ऑईल पंप. आणि तो समजायला तुमच्या विहिरीवरची मोटर पुरेशी आहे. विहिरीत पाणी, तसं इंजिनाच्या तळाशी एक लोखंडी कढई असते, तिला मिस्त्री ‘चेंबर’ म्हणतात. त्यात पाच-सहा लिटर ऑईल, मोठ्या ट्रकमध्ये त्याहून बरंच जास्त. विहिरीत फुटव्हॉल्व्हला जाळी असते, तशी इथेही ऑईल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला जाळी असते. तिथून पंप ऑईल ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि बारीक भोकांतून वर हेडपर्यंत ढकलतो. काम झालेलं ऑईल पाझरत पुन्हा चेंबरमध्ये येतं. पंपाच्या आत मात्र विहिरीच्या मोटरसारखा पंखा नसतो. दोन दातेरी चाकं असतात, नाहीतर एकात एक बसलेले दोन रोटर. रहाटाच्या मडक्यांत पाणी भरून जसं वर यायचं, तसं दातांच्या खाचांत ऑईल भरून पुढे जातं. सोबत एक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. दाब फार वाढला की तो उघडतो आणि जास्तीचं ऑईल परत सोडतो.

साधी वस्तू आहे. आणि खरं सांगायचं तर इंजिनातल्या इतर भागांपेक्षा ती जास्त टिकते, कारण ती दिवसरात्र तेलातच असते. म्हणूनच मिस्त्रीने दिवा बघताक्षणी ‘पंप गेला’ म्हटलं, तर एवढंच विचारा : ‘भाऊ, कशावरून?’

दिवा लागायची कारणं पाच-सहा आहेत आणि त्यांचा खर्च शंभर-दोनशे रुपयांपासून लाखाच्या घरापर्यंत जातो. स्वस्तापासून सुरू करून महागाकडे जायचं, हा साधा नियम धरा. सगळ्यात आधी ऑईलची पट्टी, म्हणजे डिपस्टिक. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबलेलं. पट्टी काढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि काढून बघा. दोन खुणांच्या मधे ऑईल हवं. खालच्या खुणेच्याही खाली असेल तर पंप ओढणार काय? विहीर कोरडी पडली की मोटर हवा ओढते, तसंच. अशा वेळी खाली वाकून बघा. पांदण रस्त्यावर दगड लागून चेंबर फुटलं असेल तर गाडीखाली काळा डाग दिसेल.

पट्टीवरचं ऑईल बघायलाही शिका, ते बोलतं. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. पातळ झालंय, डिझेलचा वास येतोय आणि पातळी आपोआप वाढलीय, तर डिझेल उतरतंय. दोन्हींत दाब पडतो आणि दोन्हींत नवा पंप बसवून काही उपयोग नाही, आजार दुसरीकडेच आहे. काळं असणं मात्र वाईट नाही. डिझेल गाडीचं ऑईल नवं टाकल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. काळं दिसतंय म्हणून घाबरवणारा मिस्त्री भेटला तर ऐकून घ्या, घाबरू नका.

पातळी बरोबर असेल तर पुढचा संशय दिव्याच्या स्विचवर. इंजिनाच्या अंगावर एक छोटा स्विच असतो, दाब मोजून तोच दिवा लावतो-विझवतो. तो खराब झाला की दाब चांगला असूनही दिवा पेटतो. हा सुटा भाग स्वस्त आहे. पण ‘स्विचच खराब असेल’ असं मनाशी ठरवून गाडी दामटणारेही कमी नाहीत, आणि इंजिनं बसतात ती अशीच. मोजल्याशिवाय ठरवायचं नाही.

मोजायचं कसं? तो स्विच काढून त्याच भोकात मिस्त्री दाबाचा काटा, म्हणजे गेज बसवतो. टायरची हवा पौंडात मोजतात, तसाच हा दाबही पौंडात येतो. इंजिन चांगलं तापल्यावर मोजायचा, थंडगार असताना नाही, कारण थंड ऑईल घट्ट असतं आणि दाब खोटाच चांगला दिसतो. जुन्या मिस्त्रींचा ठोकताळा असा की क्रँकच्या हजार फेऱ्यांमागे साधारण १० पौंड दाब हवा. नेमका आकडा मात्र गाडीगणिक वेगळा असतो, तो कंपनीच्या पुस्तकात मिळतो. ही तपासणी अर्ध्या तासाची आहे. ती न करता इंजिन उघडायला निघालेल्या गॅरेजमध्ये गाडी ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गेजवर दाब खरंच कमी निघाला, तरी अजून पंपावर शिक्का मारायचा नाही. तुमच्या संत्र्याच्या बगीच्यात ठिबक असेल तर ही गोष्ट लगेच कळेल. शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. मोटर खराब आहे, की मधेच उंदराने नळी कुरतडलीय? नळी फाटली असेल तर नवी मोटर आणूनही शेवटच्या झाडाला थेंबच मिळेल. इंजिनातही तसंच आहे. बेरिंग झिजून फट वाढली की ऑईल तिथून सैल वाहून जातं आणि दाब तयारच होत नाही. अशा इंजिनाला नवा पंप बसवला तर दिवा दोन-चार महिने विझेलही, पण मग पुन्हा लागेल, आणि तोपर्यंत पंपाचे पैसे गेलेले असतील. इंजिनात खालून ‘ठक ठक’ असा जड आवाज येत असेल, तर संशय बेरिंगवर जास्त घ्यावा.

पंप झिजल्याची खूण वेगळी आहे. सकाळी थंड इंजिनावर सगळं ठीक असतं. दुपारी, वैशाखात नागपूरचं ऊन पंचेचाळीसच्या वर गेलेलं, गाडी भरून आलेली, आणि नाक्यावर उभी राहिली की दिवा लुकलुकतो. ॲक्सिलरेटर दाबला की विझतो. तापलेलं ऑईल पातळ होतं, झिजलेल्या दातांमधून ते मागे सरकतं आणि इंजिन हळू फिरत असताना पंपाला जोर पुरत नाही. झिजलेल्या बेरिंगचंही लक्षण बरंचसं असंच असतं, म्हणून शेवटचा निकाल उघडूनच लागतो. पण लुकलुकणारा दिवा ही वेळेवर आलेली चिठ्ठी आहे. ती घेऊन त्याच आठवड्यात गॅरेज गाठलं तर काम पंपावर निभावण्याची आशा असते.

आता उघडण्याकडे येऊ. पंप कुठे आहे यावर मजुरी ठरते. काही इंजिनांत तो चेंबरच्या आत असतो. चेंबर उतरवलं, चार बोल्ट काढले की हातात येतो. काहींत तो इंजिनाच्या पुढच्या कव्हरमध्ये, थेट क्रँकच्या टोकावर बसवलेला असतो. मग पट्टे, पुली, कव्हर सगळं काढावं लागतं, आणि टायमिंगच्या खुणा जुळवूनच परत बसवावं लागतं. त्या खुणा एक दात जरी चुकल्या तर नव्या पंपासकट इंजिनाचे व्हॉल्व्ह वाकू शकतात. म्हणून दुसऱ्या प्रकारचं काम त्याच इंजिनावर हात बसलेल्या मिस्त्रीकडेच द्यावं. नागपुरात असे हात कमी नाहीत. हिंगण्याच्या एमआयडीसीत महिंद्राचे ट्रॅक्टर बनतात, भंडाऱ्याजवळ गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे, आणि राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ इथे एकमेकांना छेदतात. देशभरचे ट्रक इथून जातात. सुटे भाग आणि कारागीर दोन्ही मिळतात, फक्त घाईत पहिल्याच दारात शिरू नका.

काम चालू असताना गटातल्या दोघींनी तिथे हजर राहावं. कुणी म्हणेल, ‘ताई, तुम्ही काहून उभ्या राहता उन्हात, झालं की फोन करतो.’ हसून उभं राहायचं. पदर खोचून घ्या, ओढणी बांधून घ्या, आणि इंजिन चालू असताना पट्ट्यांच्या जवळ जाऊ नका. गाडी नुसत्या जॅकवर असेल तर तिच्याखाली कुणालाही जाऊ देऊ नका, मिस्त्रीच्या पोऱ्यालाही नाही. खाली घोडे, म्हणजे लोखंडी स्टँड लागलेच पाहिजेत.

पहिलं काम बॅटरीची तार काढणं, मग ऑईल सोडणं. ते स्वच्छ परातीत सोडायला सांगा. उन्हात धरून बघा. जरीसारखी चमक दिसते का? तांबूस किंवा चंदेरी चुरा असेल तर बेरिंग खात आहे. ऑईल कोमट असताना सोडतात म्हणजे तळाचा गाळही निघतो, पण उकळतं ऑईल अंगावर आलं तर भाजतं, तेवढं सांभाळा.

मग चेंबर खाली येतं. इथे नीट थांबा, कारण खरी गोष्ट इथेच दिसते. चेंबरच्या तळाला डांबरासारखा गाळ बसलाय का? ओढणाऱ्या नळीची जाळी मोकळी आहे की तुंबलीय? कित्येकदा जाळीत निघतो तो मागच्या दुरुस्तीचा सिलिकॉन. पॅकिंगऐवजी ट्यूबमधला सिलिकॉन थापून चेंबर चिकटवलेलं असतं, त्याचे आत आलेले तुकडे सुटून जाळीत अडकतात. तसं असेल तर जाळी साफ करून, चेंबर धुऊन, नवं ऑईल-फिल्टर टाकून पुन्हा दाब मोजला तर पंप बदलायची गरजही पडत नाही. जाळीची नळी पंपाला जिथे जोडते तिथली रबरी रिंगही बघा. ती कडक होऊन तडकली की तिथून हवा शिरते. मोटरच्या सक्शन पाइपला बारीक भोक पडलं की पाणी चढत नाही, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको.

चेंबर उघडलंच आहे तर एखाद्या बेरिंगची टोपी खोलून दाखवायला सांगा. थोडी जादा मजुरी पडेल, पण पंपावर थांबायचं की पुढे जायचं ते तिथेच कळतं. बेरिंगचा पत्रा गुळगुळीत, एकसारखा राखाडी असेल तर ठीक. त्यावर ओरखडे पडलेत, खालचा तांब्याचा रंग दिसू लागलाय, तर आता गटाची बैठक बोलवायची वेळ आली. ते काम पंपाचं नाही, इंजिनाचं आहे.

जुना पंप उघडून बघायलाही सांगा. आत बोट फिरवलं तर खोल ओरखडे लागतात का? मिस्त्रीकडे पातळ पत्र्यांचा जुडगा असतो, त्याला फीलर गेज म्हणतात. त्याने तो रोटरमधली फट मोजतो आणि पुस्तकातल्या आकड्याशी ताडतो. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह कचरा अडकून उघडाच राहिला असेल, तरी दाब पडतो, तेही बघून घ्यावं.

नवा पंप घेताना गाडीचा चेसिस नंबर दुकानात सांगा. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिन बदलतं आणि पंपही बदलतो. जुना आणि नवा शेजारी ठेवून भोकं, दातांची संख्या, दांड्याची लांबी जुळवा, मगच पाकीट पूर्ण फोडा. इथे दोन-चारशे रुपये वाचवायला बिननावाचा पंप घेऊ नका. गाडीच्या दारात, सीट कव्हरमध्ये काटकसर करता येते, ऑईल पंपात नाही. भाग क्रमांक लिहिलेलं, जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि जुना पंप घरी आणा. तो गटाच्या बैठकीत दाखवता येतो, आणि बदललाय की नाही हा प्रश्नही उरत नाही.

बसवताना तीन गोष्टी सुटू देऊ नका. एक, नवा पंप कोरडा बसवायचा नाही. विहिरीची मोटर पहिल्यांदा सुरू करताना आपण पाइपात पाणी भरतो, नाहीतर ती नुसती घरघरते. तसंच पंपात आधी स्वच्छ ऑईल भरून, हाताने फिरवून मग बसवायचा. दुसरी, रबरी रिंगा आणि पॅकिंग सगळं नवं. सिलिकॉन लागत असेलच तर दोऱ्याएवढी रेघ, लापशी नाही. तिसरी, बोल्ट अंदाजाने न आवळता टॉर्क रेंचने आवळायचे. सैल राहिले तर गळती, जास्त आवळले तर ॲल्युमिनियमचं कव्हर तडकतं.

फिल्टर नवाच. ऑईल गाडीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच प्रतीचं. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांना १५ डब्ल्यू ४० चालतं. यातला शेवटचा आकडा तापल्यावर ऑईल किती घट्ट राहतं ते सांगतो. २०२० च्या एप्रिलनंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना मात्र कमी राख सोडणारं खास ऑईल लागतं, नाहीतर सायलेन्सरकडचा महागडा फिल्टर तुंबतो. डबा सीलबंद आणून तिथेच फोडून घ्या. दुकानातलं सुटं ऑईल कितीही स्वस्त असो, नको.

सगळं जोडल्यावर इंजिन लगेच सुरू करू देऊ नका. आधी डिझेल बंद ठेवून नुसता स्टार्टर थोडा-थोडा मारायचा, म्हणजे इंजिन पेटत नाही पण फिरतं आणि ऑईल सगळीकडे पोचतं. लाल दिवा विझला की मग सुरू करायचं. सुरू झाल्यावर काही सेकंदांत दाब आला नाही तर ताबडतोब बंद. दाब आला की इंजिन पूर्ण तापू द्या, गेज पुन्हा बघा, खाली वाकून गळती बघा, बंद करून दहा मिनिटांनी पट्टी पुन्हा तपासा, कारण नव्या फिल्टरने थोडं ऑईल पिलेलं असतं. चेंबरमध्ये चुरा निघाला असेल तर पाचशे-हजार किलोमीटरवर ऑईल आणि फिल्टर परत बदलून घ्या. हा खर्च जिवावर येतो, पण उरलेला चुरा नव्या पंपातूनच फिरणार आहे.

पैशांचं बोलू. पंपाचं काम लहान पिकअपला साधारणपणे काही हजारांत बसतं. सीझ झालेलं इंजिन पुन्हा बांधायला लाखाच्या आसपासही खर्च जाऊ शकतो, वर दोन-तीन आठवडे गाडी उभी. विमा आहे ना, असं म्हणून निश्चिंत होऊ नका. गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड धरलेला नसतो. दगड लागून चेंबर फुटलं तर तो अपघात म्हणून दावा करता येतो. पण चेंबर फुटल्यावर, दिवा लागल्यावर गाडी तशीच पळवली आणि त्यापायी इंजिन बसलं, तर ते वाढीव नुकसान तुमच्या माथी. पॉलिसीच्या कागदावर हे बारीक अक्षरात असतं, बैठकीत एकदा मोठ्याने वाचून घ्या.

आणि आता ती गोष्ट, जी मिस्त्रीच्या हातात नाही, आपल्या हातात आहे. पहाटे माल भरून निघालेला ड्रायव्हर दिवा बघूनही गाडी का थांबवत नाही? त्याला दिवा कळत नाही म्हणून नव्हे. कळमन्याचा सकाळचा लिलाव चुकला तर भाव पडेल, सगळ्या बाया आपल्याला बोलतील, मजुरी कापतील, ही भीती त्याला असते. ‘बाप्पा, पोचून तर जाऊ,’ म्हणून तो दामटतो. नवरा किंवा पोरगाच गाडी चालवत असेल तरी हेच. म्हणून गटाने आधीच ठराव लिहून ठेवावा : लाल दिव्यापायी गाडी थांबवली तर माल दुसऱ्या गाडीत भरायचं भाडं गट देईल, ड्रायव्हरची मजुरी कापली जाणार नाही आणि त्याला कुणी बोलणार नाही. दिवा लागूनही चालवली, तर मात्र जाब द्यावा लागेल. हा ठराव गाडीत काचेजवळ चिकटवा. सोबत जवळच्या दोन मिस्त्रींचे आणि टोईंगवाल्याचे नंबरही लिहा. एका दिवसाच्या मालाचं नुकसान आणि इंजिनाचं नुकसान यात किती अंतर आहे, ते हिशेब लिहिणारी ताई फळ्यावर मांडून दाखवेल.

रोजची पट्टी कुणी बघायची, हेही ठरवा. ड्रायव्हरवर सोडलं की ‘कालच पाहिली’ हे उत्तर ठरलेलं. पाळीपाळीने एकेका सखीने सकाळी गाडी निघायच्या आधी पट्टी बघून वहीत टिंब मारलं तर दोन मिनिटांचं काम आहे. गाडी ऑईल पीत असेल तर ते या टिंबांवरूनच आधी कळतं.

निघालेल्या जुन्या ऑईलबद्दल एक सांगायचं राहिलं. गावात ते वाळवीसाठी लाकडाला लावतात, उरलेलं धुऱ्याच्या कडेला ओततात. सरकारी नियमांत वापरलेलं ऑईल घातक कचऱ्यात मोडतं. त्यात धातूचा चुरा आणि जळकी घाण असते. धुऱ्यावर ओतलेलं पावसात नाल्याला आणि विहिरीला जातं, चुलीत टाकलं तर त्याचा धूर घरच्याच छातीत जातो. गॅरेजमध्ये त्यासाठी ड्रम ठेवलेला असतो, तो परवाना असलेल्या शुद्धीकरणवाल्याकडे जातो. घरी ऑईल बदललं असेल तर जुनं ऑईल त्याच रिकाम्या डब्यात झाकण लावून भरा आणि पुढच्या फेरीला नागपूरला नेऊन द्या.

आणि दुरुस्ती झाल्यावर गाडीच्या वहीत तारीख, किलोमीटर, ऑईलची प्रत, पंपाचा भाग क्रमांक आणि तापलेल्या इंजिनावर गेजने दाखवलेला दाब लिहून ठेवा. पुढच्या सर्व्हिसला तोच गेज लावायला सांगा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.